बोल्ट खिशात आहे

“थांबा काका, तिथंच! बोल्ट काढलेत का?”

झुलत्या पुलाच्या तोंडाशी एक तरुण बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. पाठीवर मोठी पिशवी, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. मागून दोन म्हातारे धापा टाकत येत होते आणि दोघांच्याही खांद्याला रायफल होती.

“काढलेत की!” आल्बीने रायफलीची रिकामी खाच तिच्यापुढे धरली. “बोल्ट खिशात आहे.”

“माझाही खिशात,” नेव म्हणाला.

पायवाट सगळ्यांची. तिच्यावर फिरायला आलेली माणसं भेटायची, म्हणून शिकाऱ्याने चालताना रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा लोखंडी दांडा, काढून खिशात ठेवायचा, हा त्या डोंगरातला रिवाज. बोल्ट नसेल तर रायफल म्हणजे नुसती काठी, आणि तीही टेकायला धड नाही.

आल्बी साफ खोटं बोलला होता. त्याच्या खिशात फळांच्या केकचा मोठा तुकडा होता. बोल्ट घरी तिजोरीत होता आणि गेली तीन वर्षं एप्रिलमधल्या शिकारीच्या हंगामातही तो तिथंच राहत होता. एकदा ऐन टप्प्यात नर हरिण उभं असताना त्याचं बोट चापावर वाकेचना. दया नाही, वैराग्य नाही. एखाद्याच्या तोंडाची चव जावी तशी शिकार मनातून गेली. तेव्हापासून तो डोंगराच्या धारेवर बसून चहा प्यायचा, माजावर आलेल्या नर हरणांच्या डरकाळ्या ऐकायचा आणि मजेत असायचा. नेव डोंगरापलीकडच्या धारेवर असायचा. संध्याकाळी हटमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या लाकडी झोपडीत, भेटल्यावर आल्बी तोंड पाडून म्हणायचा, “वारा फिरला रे, वास लागला त्याला.” नेवही मान हलवायचा. त्या बिचाऱ्याचाही वारा दरवर्षी फिरायचा.

नेवला हे सांगायची सोय नव्हती. बायको, थेल्मा, गेल्यापासून नेव वर्षभर घुम्यासारखा असायचा. मार्च सरला की मात्र त्याचे फोन सुरू. बुटांना तेल लावलंस का? झोपायची पिशवी उन्हात घातलीस का? असा हाडाचा शिकारी चहाबाज म्हाताऱ्याला बरोबर कशाला घेईल? दुसरा कुणी तरुण गडी बघेल. आणि आल्बीला तर नेवशिवाय दुसरा मित्रच नव्हता.

“मी हिनेवाई,” बाई म्हणाली. “मीही वरच्या हटलाच चाललेय. तुम्ही पुढं चला, मी मागून येते. आणि ते दोन बोल्ट हटपर्यंत माझ्या पिशवीत राहतील.”

“कशाला गं पोरी? काढलेत म्हटलं ना!”

“काढलेला घालायला कितीसा वेळ लागतो? माझा भाऊ शिकारीच आहे. मला नका शिकवू. द्या.”

बोलणं चोख होतं. आल्बीने खिसा हाताने झाकला.

“तेल लागलंय त्याला. तुझी पिशवी खराब होईल.”

“होऊ दे.”

“नेव, तू दे बघू आधी.”

“मी का? तू दे. तू मोठा आहेस,” असं म्हणून नेव बुटाची नाडी बांधायला खाली बसला. नाडी चांगली बांधलेलीच होती.

हिनेवाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिचा चेहरा बदलला. “देणार नाही म्हणता? मग तुमच्याबरोबर मी हटमध्ये झोपणार नाही. परत जाते.”

तिने खरंच पाठ वळवली. खाली गाडीरस्त्यापर्यंत अर्ध्या दिवसाची वाट होती आणि वरती ढग भरून आले होते. आपल्या अब्रूपायी या पोरीने एकटीने परत जावं, हे आल्बीला सोसेना.

“थांब पोरी!” त्याने खिसा उलटा केला. केकचा चुरा बुटांवर सांडला. “बोल्ट घरी आहे. तीन वर्षं घरीच आहे. मी हरणं मारत नाही, नुसती बघत बसतो.” सांगत होता तिला, पण डोळे नेवच्या पाठीवर होते. “नेव, तुला दुसरा जोडीदार बघायचा असला तर बघ. मी काही म्हणणार नाही.”

नेव नाडीशी ओणवाच राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. रडतो की काय, म्हणून आल्बी पुढे झाला. नेव उठला तेव्हा हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने आपल्या खिशात हात घातला आणि चहाचा पत्र्याचा मग बाहेर काढला.

“माझा बोल्ट तर थेल्मा होती तेव्हापासून घरी आहे,” तो म्हणाला. “तीच म्हणायची, आल्बीला सांगू नका हो. शिकार म्हणजे त्याचा जीव की प्राण. कळलं तर यायचा बंद होईल.”

आल्बी मटकन दगडावर बसला. हिनेवाई खो खो हसत परत आली. “मग हे लोखंड एवढ्या चढावर वाहून कशाला आणता?”

“नाही आणलं तर गावात म्हणतील, म्हातारे झाले,” नेव म्हणाला. मग तो आल्बीच्या शेजारी टेकला, उरलेल्या केकचे तीन वाटे केले आणि एकदम चिडून म्हणाला,

“आणि काय रे गाढवा, इतकी वर्षं आपण दोघांनी दोन धारांवर एकेकट्यानं चहा प्यायला?”