काळ न गेलेला बाप

स्थिरकक्षाचं दार उघडून प्राध्यापक दिगंबर चितळकर बाहेर आले. आत काहीच बदलत नसे, त्यामुळे काळही जात नसे. बायकोला अर्धांगवायू झाला, तेव्हा "मला हे बघवत नाही, ती बरी झाली की उठवा," असं सांगून ते आत शिरले होते.

समोर त्यांची मुलगी मृणाल काठी टेकून उभी होती. तिचे केस पांढरे झाले होते. ती आता त्यांच्याहून मोठी होती.

"आई बरी झाली?"

"गेली. शेवटपर्यंत मीच केलं तिचं. तुझ्या तोंडाला अजून त्या सकाळच्या चहाचा वास येतोय."

"बापाला अरे-तुरे करतेस?"

"वयाने लहान माणसाला अहो-जाहो कशाला करू?"

"मग उठवलंस कशाला?"

"हे यंत्र भंगारात जायचंय," म्हणत मृणाल चालू लागली.