तिसऱ्या दाराशी

गाढवावर बसलेली अरासेली दातओठ खात होती. इतकी संतापलेली मारिया टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या मेक्सिकन वस्तीत आजवर कुणी पाहिली नव्हती. गाढवसुद्धा पाऊल जपून टाकत होतं.

नाताळाआधीच्या पोसादाची संध्याकाळ. येशूचे आईबाप झालेल्या मारिया-जोसेफनं तीन दारांशी गाऊन आसरा मागायचा. दोन घरांनी आतून गाऊनच हाकलायचं, तिसऱ्यानं नाही-नाही म्हणत अखेर दार उघडायचं. मारियानं उंबरठा ओलांडेपर्यंत कुणी मक्याच्या वाफाळत्या तमालेला हात लावायचा नाही. यंदाचे जोसेफ होते एकाहत्तर वर्षांचे तिबुर्सियोकाका.

तिसरं घर एर्मिनियाबाईंचं. चर्चची घंटासुद्धा त्यांना विचारून वाजायची. खरं तर मारिया व्हायची पाळी अरासेलीच्या थोरल्या बहिणीची, नोएमीची. पण नोएमीला आठवा महिना, आणि नवऱ्याचा पत्ता नाही. "पोट आलेली पोर मारिया कशी होईल?" असं म्हणत बाईंनी धाकटीच्या पोटाला उशी बांधली होती.

दार उघडलं.

"ये गं माझ्या मारिये, ये!" बाईंनी हात पसरले. मग गर्दीतल्या नोएमीवर नजर गेली. "तू मागच्या दारानं ये हं, बाळ. आत फादर बसलेत."

नोएमी निमूट वळली.

"ताई, थांब." अरासेली गाढवावरून उतरली आणि पायरीवर फतकल मारून बसली. "मी आत येत नाही."

"अगं, चाळीस माणसं उपाशी आहेत! तमाले गार होतायत!"

"होऊ द्या."

"मारिया अशी उलट बोलत नाही, कार्टे!"

"ग्वादालुपेची मारियामाय आपल्यासारखी सावळी आहे, बाई. तिच्या पोटावर काळा पट्टा आहे. पोटुशी बाई बांधते तो. रविवारच्या वर्गात तुम्हीच शिकवलंत."

"ते वेगळं."

"आणि तुमच्या आईला गोऱ्यांच्या चर्चमध्ये मागच्या दारानं घ्यायचे. दरवर्षी रडून सांगता. तेही वेगळंच का?"

बाईंचा अंबाडा इतका घट्ट, की चेहऱ्याला रागानं हलायलाही जागा नसे. त्या संध्याकाळी मात्र दोन पिना टणटण करत फरशीवर पडल्या.

तिबुर्सियोकाकांनी नोएमीचा हात धरून तिला पुढं आणलं, काठी आपटली आणि गाणं पहिल्या कडव्यापासून पुन्हा धरलं. आसरा द्या. मागून चाळीस गळे उठले. इतका वेळ ते पाठ केलेलं म्हणत होते. आता ओरडून मागत होते.

आतल्यांनी उत्तरासाठी बाईंकडे पाहिलं. बंद दाराआडून नकार गायला बाईंना पन्नास वर्षांत कधी अडलं नव्हतं.

दार सताड उघडं होतं. समोर नोएमी उभी. बाईंनी तोंड उघडलं, आणि सूर काही फुटेना.