घेवरला कांदा कोणी दिला?

"प्याज? हो ही नहीं सकता, डॉक्टरसाब!" नीलिमा ठासून म्हणाली. "मैं तो बस घर के बगीचे का देती हूँ. उबली गाजर, लौकी. सेब के बीज तक निकालती हूँ."

त्यांचा कुत्रा घेवर दवाखान्यातल्या टेबलावर मलूल पडला होता. डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून पांढरट हिरड्या दाखवल्या.

"प्याज-लहसुन ही है, मैडम. और खाया, तो नहीं बचेगा."

तिचे यजमान दिनकर घेवरच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. विमा कंपनीने त्यांची जयपूरला बदली केल्यापासून घेवर हेच त्या दोघांचं लेकरू.

मालवीय नगरच्या घरी पोचताच नीलिमाने पदर खोचला आणि कांदा-लसणाचे वाफे मुळासकट उपटले. द्राक्षं कुत्र्याला बाधतात म्हणून वेल तिने आधीच काढला होता. घेवरचा जीव वाचवायचा, तर बागेची कसली हौस!

तरी पुढच्याच आठवड्यात घेवर ओकला. त्यात पिठलं होतं, कांद्यासकट.

नीलिमाचं डोकंच चालेना. कामवाली म्हणाली, "मैं तो इससे डरती हूँ, भाभीजी." उष्टंखरकटं म्हणावं, तर तेही नाही. पान स्वच्छ करून उठायचं, हा सासूबाईंचा दंडक. दिनकर तो तंतोतंत पाळायचे. ती गरम पोळी आणायला आत जाऊन येईपर्यंत ताट रिकामं! रोज फिरून वजनही छान उतरवलं होतं त्यांनी. नीलिमाला नवऱ्याचं भारी कौतुक.

"अहो, माझ्या सीतापुऱ्याच्या मैत्रिणीला, ऋचाला देऊन टाकू या याला," शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली. "निदान जगेल तरी. या घरात कोणीतरी त्याला मारतंय."

दिनकर घेवरजवळ खाली बसले.

"नको देऊस. मीच माझ्या पानातलं घालत होतो त्याला."

"तुम्ही? डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं ना?"

"त्यानंतर कांदा वेचून बाजूला काढायचो गं. राहिला असेल एखादा तुकडा."

"पण का? मी त्याला उपाशी ठेवते का?"

दिनकरांनी मान खाली घातली.

"तुझ्यापुढे पान टाकून उठवेना. घास घशातच अडकतो, गिळवत नाही गं, दिवाळीपासून."