मरळीचा श्वास

"आज नका जाऊ जी, दम लागून राहिला मले," प्रयागबाई म्हणाली होती. चंपतराव तरीही जाळी घेऊन गोरेवाड्याच्या तलावावर गेले. घरातल्या काचेच्या पेटीत पाळायला त्यांना मरळ मासा हवा होता. दुपारी मरळ घेऊन ते परतले, तोवर बायको गेलेली होती.

"झोपेतच गेल्या, भाऊजी. काही तरास नाही झाला," शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या. त्या एका वाक्यावर चंपतरावांनी तेरा दिवस काढले.

मरळीला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. ती पेटीत वर आली की टप्प असा आवाज व्हायचा. तेरवीनंतर त्यांना तो सोसवेना.

"मंग कायले ठेवता जी तिले? सोडून या ना," सिंधूताई म्हणाल्या.

चंपतरावांनी मरळ तलावात नेऊन सोडली. घरी येऊन पेटी रिकामी केली, फडक्याने कोरडी पुसली आणि प्रयागबाईच्या खाटेखाली सरकवली. मग ते जेवायला बसले.

टप्प.

त्यांनी वाकून पेटीत हात घातला. आत पाण्याचा थेंबही नव्हता. पुन्हा टप्प झालं. मग त्याहून लवकर झालं.

सिंधूताई भाजीची वाटी घेऊन दारात आल्या. त्यांनीही ऐकलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या.

"असाच आवाज होता त्यांच्या दमाचा, भाऊजी. मी पाठ चोळून राहिली होती."

"किती वेळ?" चंपतरावांनी विचारलं.

"तासभर."

चंपतरावांनी घड्याळाकडे पाहिलं. आवाज सुरू होऊन अजून पाच मिनिटंही झाली नव्हती.