रिकामा सर्व्हर

रुग्णालयाचा जुना सर्व्हर आज निवृत्त होणार होता. अतिदक्षता विभागातले मॉनिटर त्याच्यावरच्या व्हर्च्युअल मशिन्सवर, म्हणजे त्याच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकांवर, चालत. सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी भरदुपारी एकेक कमांड देत ती सगळी मशिन्स जिवापाड जपत नव्या सर्व्हरवर हलवली, जुना बंद केला आणि तळघरातल्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"जुन्याची विजेची केबल काढ रे."

"काढली, ताई. हातातच आहे."

ताईंनी सवयीने कमांड देऊन जुन्या सर्व्हरची स्थिती विचारून पाहिली. उत्तर आलं: चालू आहे.

त्यांनी डोळे चोळले. तोवर स्क्रीनवर ओळींमागून ओळी उमटू लागल्या. कुणी कमांड न देता मशिन्स जुन्या घरी परतत होती, पाखरं झाडावर परततात तशी. एकाही रुग्णाचा आलेख अडखळला नाही. कीबोर्डवरचे हात उचलून ताई नुसत्या बघत राहिल्या.

"ताई," फोनवर तंत्रज्ञ कुजबुजला, "हा जुना सर्व्हर गरम होतोय."