एकवीस दातांचं चाक

"जसं होतं तसंच बनवून द्या, वीसच दाताचं," असं म्हणत दालमिलवाल्याने चेनचं झिजलेलं चाक वर्कशॉपात रागिणीच्या टेबलावर आदळलं.

रागिणीने चाक फिरवून पाहिलं. काही दात धड होते, काही पार खाल्लेले. तिचे डोळे चुरचुरत होते. एप्रिलातलं अकोला, वर टिनाचं छप्पर, आणि रात्री सासूला कुशीवर वळवायला उठणं. टेबलावरच डोकं टेकावं असं वाटत होतं तिला.

"तुमच्या चेनले कड्या ऐंशी, अन् दात वीस," ती म्हणाली. "पुरा भाग जाते, म्हणजे तेच ते दात, अन् त्याच त्या कड्या. एक कडी खराब झाली का तिच्या वाट्याचा दात गेलाच. एकवीस घ्या. कडी दरवेळी दुसऱ्या दातावर येईन, झीज सगळ्याईत वाटल्या जाईन."

दालमिलवाला कंटाळून हो म्हणाला. तिने हिशेब केला. एकशेऐंशी अंशाला एकवीसने भागलं, त्या कोनाच्या साइनने चेनच्या पाऊण इंची पिचला, म्हणजे दोन कड्यांमधल्या अंतराला, भागलं. व्यास आला एकशेसत्तावीस पूर्णांक ब्याऐंशी मिलिमीटर. मधला जाड भाग, बॉस, आधीसारखाच एका बाजूला. लेथवर उभ्या नवऱ्याला, किशोरला, तिने माप सांगितलं आणि मधेच थांबली.

"अहो, आपल्या घरचंही वीस दाताचंच चालू हाये."

"काय?"

"पाडवा ते दसरा आई आपल्याकडे, दसरा ते पाडवा अमरावतीले शेखरदादाकडे. दरसाल उन्हाळा माह्याच डोक्यावर! हिवाळ्यात आई कशी असते, मले मालूमच नाही. आता पाच-पाच महिन्याची पाळी करा. उन्हाळाही फिरता राहीन. मी थकली हो. खरंच थकली."

किशोरने मशीन बंद केली. बायकोचं तोंड पाहून त्याने सरळ भावाला फोन लावला. शेखरदादा आधी कुरकुरला, मग म्हणाला, "बरं बाप्पा, करा तसं."

रागिणीला रडूच आलं. इतकी वर्षं भांडून जे जमलं नाही, ते एका चाकाने जमवलं. पदराने डोळे पुसून ती सासूचं पाणी घेऊन मागच्या खोलीत गेली. मधलं दार उघडंच होतं.

पार्वताबाई खाटेवर पडून होत्या. लकव्याने उजवं अंग गेलेलं, कान मात्र शाबूत. खाटेखाली त्यांची कपड्यांची पिशवी, पाडव्याला गाडीतून उतरवली तशीच, गाठ मारलेली. रागिणीने ती सोडायला घेतली की दरवेळी म्हणायच्या, "राहू दे." अमरावतीलाही सोडू देत नाहीत म्हणे. म्हातारीचा हेका, असं रागिणी समजायची.

"आयकलं मी," पार्वताबाई म्हणाल्या. "बरं केलं. तुले आराम पायजेच."

रागिणीने त्यांची मान उचलून पेला ओठांना लावला. दोन घोट पिऊन त्यांनी तोंड फिरवलं. नजर खाली, पिशवीकडे होती.

"दाताचा हिशेब बराबर केला तू. पन कडीचं काय वं, रागिणी? ते तं हरेक दातावर घासते ना."