सहाशे केबी

शहाण्णव.

वेबसाइटच्या वेगाचा स्कोअर, शंभरपैकी. आकडा हिरवा झाला तसा लिओनार्डने खुर्चीतूनच टाळी वाजवली. आठवड्यापूर्वी हाच आकडा लाल होता, एकतीस. अबुधाबीतल्या मुसफ्फाच्या त्या फॅब्रिकेशन कंपनीची वेबसाइट उघडता उघडता माणसाचा चहा थंड व्हायचा. आता बोट लावलं की समोर.

"कॉन्सेप्टा, स्क्रीनशॉट पाठव क्लायंटला. यल्ला, चल लवकर, शुक्रवार आहे, अर्धा दिवस. बाराला मी गाडीत बसलेला असेन."

तिने पाठवला. दुबईत अल कुसैसच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात वेबसाइटचं वजन उतरवायचं काम तिचं. फोटो दाबायचे, फालतू कोड उपटायचा, व्हिडिओ बारीक करायचे. व्हिडिओंबाबत तिचा नियम होता. पान उघडताच ते आपोआप मुके चालू होतात, आवाज कोणी लावत नाही, मग आवाज ठेवायचा कशाला? कापा. या साइटवर चौदा व्हिडिओ होते. एका कमांडमध्ये चौदांचा आवाज गेला.

क्लायंटकडच्या अहमदचं उत्तर आलं. "गुड जॉब मॅडम. एक कम्प्लेंट आया है व्हॉट्सअ‍ॅप पे, मराठी में है शायद. देख लो." खाली एक नंबर आणि व्हॉइस नोट.

म्हातारीचा आवाज. मागे कोंबड्या.

"सलाम साहेब. मी मरियमबी, दाभोळवरनं. यूनुस परकारची आई. तुमच्याकडे वेल्डर होता, रमजानच्या आधी वरनं पडला तो. तुमच्या पानावर त्याचा व्हिडिओ आहे. परवापासनं तो बोलत नाय. माझा फोन बिघडला म्हणून शेजारणीच्या फोनवर लावला. तिथंपण नुसते ओठ हलतात."

कॉन्सेप्टाने पान उघडलं. 'सेफ्टी फर्स्ट'. कामगारांनी आपापल्या भाषेत चार-चार वाक्यं बोललेली. तिसरा व्हिडिओ, बेचाळीस सेकंद. पिवळं हेल्मेट, घामेजलेला चेहरा, हसणारा. खाली इंग्रजीत ओळ: 'सेफ्टी इज माय फॅमिली'.

माणूस पडून मेला आणि सेफ्टीच्या पानावर तोच हसत राहिला. कंपनीने त्याला काढला नाही. दया म्हणून नव्हे. कोणी पाहिलंच नव्हतं.

तिनेही नाही. आठवडाभरात तिने हा चेहरा चार वेळा चालवून बघितला होता. या ऑफिसात त्याची भाषा कळणारी माणसं दोनच, ती आणि लिओनार्ड. तिचा हेडफोन ड्रॉवरमध्ये पडून होता.

"लिओनार्ड, ओरिजिनल व्हिडिओ जुन्या सर्व्हरवर असतील ना?"

"जुना सर्व्हर काल बंद केला. खलास."

"बॅकअप?"

"कसला बॅकअप? तूच मेल टाकलास ना, ऑल चेक्ड, ओके टू डिलीट."

टाकला होता. चेक केलं होतं. डोळ्यांनी.

तिने अहमदला फोन लावला. "शूटिंगवाला? वो तो कब का वीजा कॅन्सल होके अपने मुल्क गया, मॅडम. हमारे पास जो था, वेबसाइट पे ही था. क्यूं, कुछ प्रॉब्लेम?"

तिने फोन ठेवला. कमांडचा हिशेब अजून स्क्रीनवर उघडा होता. यूनुसच्या व्हिडिओसमोर लिहिलेलं: काढलेला आवाज, सहाशे केबी. चौदांचे मिळून स्कोअरमध्ये एकाचा फरक पडला होता. पंच्याण्णवचे शहाण्णव.

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे म्हणून सांग," लिओनार्ड बॅग भरत म्हणाला. "महिनाभरात विसरेल."

"आई आहे ती."

"मग काय सांगणार? तुझा पोरगा आम्ही कॉम्प्रेस केला?"

बोलून गेला आणि त्यालाच ते ऐकू आलं. त्याने बॅगेची चेन लावली, परत उघडली. "सॉरी," म्हणाला, कोणाकडेच न बघता. बारा वाजून गेले तरी तो खाली उतरला नाही.

कॉन्सेप्टाने बटण दाबून धरलं. "मावशी, मी कॉन्सेप्टा. मी वसईची. तुम्ही बघता ते पान मी सांभाळते. त्याचा आवाज..." बोट सुटलं. तेवढंच गेलं.

लगेच उत्तर आलं.

"वसईची? म्हणजे आपलीच गं बाय. मग तुला समजंल. मी रोज पहाटे ते पान लावायची. ते गोल गोल फिरत बसायचं. तोपर्यंत मी वजू करून यायची. आले की हा म्हणायचा, 'आई, हेल्मेट घातलंय बघ.' मग मी नमाजाला उभी राहायची. त्याचे जुने मेसेज होते, ते फोन बदलला तेव्हा गेले. एवढंच राहिलंय बघ."

मागे कोंबडा ओरडला. तिने त्याला हाकललं. नोट संपली नव्हती.

"आता लगेच उघडतं ते. तुम्ही लोकांनी काय तरी चांगलंच केलं असंल. पण बाय, पयल्यासारखं करून दे. हळू उघडू दे. मला कसली घाई आहे?"